खर्जाचे राखणदार: रॉकमधला बेस ऐकायचा कसा

आमच्या फोंड्याकडच्या घरी चवथीची आरती घुमटांवर, म्हणजे मातीच्या घटाच्या चर्मवाद्यावर होते. दोन घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), एक कांसाळें (झांज) आणि गळा काढायला पंधरा-वीस माणसं. गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही घुमटवाले दुसऱ्या वाड्यावर अडकले, म्हणून आम्ही त्यांच्याविनाच सुरुवात केली. शामेळ होतं, कांसाळें होतं, आवाजांची तर रेलचेल. तरी दुसऱ्या कडव्याला आरती धावायला लागली, सूर वर सरकत गेला, आणि खांबाला टेकून बसलेल्या आमच्या थोरल्या काकांनी डोळे न उघडता विचारलं, "घुमट खंय गेलें?"

माझा भाचा शेजारीच टाळ्या वाजवत होता. मडगावला कॉलेजात आहे, तिथल्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बेसच का, तर गिटारवाले तिघे झाले आणि तिघांत हाच भिडस्त. आरती संपल्यावर करंज्या खाता खाता म्हणाला, "मामा, आमच्याकडे पण असंच. मी वाजवतो तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. थांबलो की सगळे वळून बघतात."

त्याला आणि घरच्यांना त्या रात्री जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितोय. मी भजनात तबला-डग्गा वाजवणारा माणूस. रॉक ऐकायला लागलो ते कॅसेटच्या काळात, त्यामुळे माझा कान तबलजीचा आहे हे आधीच सांगून ठेवतो.

घुमट म्हणजे मातीचा घट. एका रुंद तोंडावर चामडं ताणलेलं, दुसरं तोंड अरुंद आणि उघडं. उजव्या हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकायचं, सोडायचं. तो जो पोटातून आल्यासारखा 'घुम' निघतो तो या डाव्या तळव्यामुळे. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत, आता कायद्याने ते बंद आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. डग्ग्याचं कामही हेच, तंबोऱ्यातल्या खर्जाच्या तारेचं कामही हेच. बेस गिटार त्याच घराण्यातलं, फक्त विजेवर चालणारं.

विजेवर का, याचं कारण साधं आहे. आधी बँडमध्ये माणसाएवढा उंच डबल बेस असायचा. त्याला पडदे (सूर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसतात, सूर कानाने शोधावा लागतो, टॅक्सीत घालायला कसरत करावी लागते आणि ड्रम व ट्रंपेटपुढे तो ऐकूही येत नाही. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने चार तारांचं, गिटारसारखं गळ्यात अडकवायचं, पडदे असलेलं वाद्य बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं प्रिसिजन बेस. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा: पडद्यामागे बोट ठेवलं की सूर बिनचूक. विजेवरचे बेस त्याआधीही कोणी कोणी बनवले होते, पण घरोघर पोचला तो हा. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. साध्या गिटारची सगळ्यात खालची तार 82 वेळा. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली.

सेकंदाला 41 कंप म्हणजे हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब. एवढ्या लांब लाटेला भिंत, माड, डोंगराची कड काही अडवत नाही, ती वळसा घालून पुढे जाते. वरच्या पट्टीचे आवाज मात्र हवेत आणि भिंतींत विरून जातात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे शिकवायला नको. रात्री दहानंतर उघड्यावर मोठ्या आवाजाला बंदी आहे, तरी कुठूनतरी 'धुम् धुम्' येतंच. गाणं कोणतं ते कळत नाही, गायक पुरुष की बाई तेही नाही. पण लय बरोबर कळते, झोप उडेपर्यंत.

मोबाइलवर याच्या उलट घडतं. त्याच्या नखाएवढ्या स्पीकरला 41 कंपांचा सूर काढताच येत नाही. तरी बेस थोडाफार 'ऐकू' येतो, कारण प्रत्येक सुराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपांचे उपस्वर निघत असतात. 82, 123, 164 असे उपस्वर कानावर पडले की मेंदू मागे मोजत जाऊन 41 स्वतःच भरून काढतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तिथे खालच्यातून वरचा निघतो, इथे वरच्यांवरून खालचा. तरीही पुढची नावं ऐकायची असतील तर चांगला इयरफोन लावा. मेंदूवर किती भार टाकायचा?

आता बेसवाल्याचं नेमकं काम. तो दोन दोरांच्या गाठीवर बसलेला असतो. एक दोर लयीचा: ड्रमवाल्याच्या पायाखालचा मोठा ढोल वाजतो त्याच क्षणी बेसची तार सुटली, की दोन वाद्यांचा मिळून एकच आघात होतो. तबल्यावरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकत्र पडले की 'धा' होतो, तसं. ड्रमवाला आणि बेसवाला केसभर चुकले की ऐकणाऱ्याला चूक सापडत नाही, नुसतं गाणं सैल वाटतं.

दुसरा दोर सुराचा, आणि खरी जादू इथे आहे. सा, ग, प एकत्र वाजवले की मेजर कॉर्ड होतो: मोकळा, उजेडाचा. हे तीन स्वर वर तसेच ठेवा आणि बेसवाल्याला खाली सा सोडून मंद्र धैवत धरायला सांगा. उजेडावर ढग येतो, कॉर्ड मायनर होतो. गिटारवाल्याचं बोटही हललेलं नसतं. आपल्याकडे मूर्च्छनेचं तत्त्व तेच: भूपाच्या गंधाराला षड्ज मानलं की त्याच पाच स्वरांत मालकंस उभा राहतो. घर तेच, पाया सरकला. गायकाला वाटतं गाण्याचा भाव आपण ठरवतो. बराचसा भाव मागे उभा असलेला तो गप्प माणूस ठरवत असतो.

म्हणून मी बेसवाल्यांना राखणदार म्हणतो. आपल्या गावाच्या वेशीवरचा राखणदार कोणी पाहिलेला नसतो, पण त्याचा मान चुकवला तर काय होतं याच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात.

या राखणदारांतला पहिला मानकरी माझ्या मते जेम्स जेमर्सन, आणि काटेकोर बोलायचं तर तो रॉकवालाही नव्हे. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत तो पगारी वादक होता. 1960 च्या दशकात तिथून निघालेल्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांखाली त्याचा बेस आहे. मूळचा डबल बेसवाला, त्यामुळे उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. त्या बोटाला लोक 'हुक' म्हणत. तारा जाड, गुळगुळीत, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा खाक्या. नव्या तारांचा टणत्कार त्याला नकोच होता. जुन्या, मळलेल्या तारांतून गोल, दबका ठोका निघतो, थेट घुमटासारखा. त्याच्याआधीचे बहुतेक बेसवाले कॉर्डचा मूळ स्वर आणि पंचम धरून 'एक-दोन, एक-दोन' चालत. जेमर्सन मधल्या जागा भरायला लागला. मात्रेच्या किंचित आधी येणं, शेजारच्या कोमल-तीव्र स्वराला हात लावून परतणं, आणि सम आली की घरी हजर. कसलेला तबलजी गायकाच्या मागे बारीक लग्गी लावतो आणि तरी गायकाला त्रास होत नाही, त्या जातीचं काम.

आणि नाव? रेकॉर्डच्या पाकिटावर ते छापलंच जात नसे. 1971 मध्ये गायक मार्विन गेने 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही रेकॉर्ड काढली तेव्हा कुठे वादकांची नावं आली. जेमर्सन 1983 मध्ये 47 व्या वर्षी गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला 2000 मध्ये घेतलं. गोव्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकलेले आपले कितीतरी वादक मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात गेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव लोकांना ठाऊक झालं. इतर व्हायोलिनवाले, ट्रंपेटवाले, बेसवाले पडद्यावर कुठेच आले नाहीत. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला बेस आपण सगळ्यांनी आयुष्यभर गुणगुणलाय, पण तो वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव दहांतल्या किती जणांना सांगता येईल?

प्रभाव कसा मोजायचा याचं माझं माप इथूनच येतं. किती वेगात वाजवलं, किती पुरस्कार मिळाले, हे बाजूला ठेवा. तो येऊन गेल्यावर बाकीच्यांना पूर्वीसारखं वाजवणं अवघड झालं का, एवढंच बघा.

जेमर्सनमुळे ज्यांना ते अवघड झालं त्यात पॉल मॅकार्टनी आहे. तो हे स्वतः मान्य करतो. बीटल्समध्ये आधी स्टुअर्ट सटक्लिफ बेस वाजवायचा. 1961 मध्ये हॅम्बुर्गला तो बँड सोडून गेला आणि त्याची जागा कोणालाच नको होती. शेवटी ती मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. (हे वाचून आमचा भिडस्त भाचा खूश.) त्याने हॉफ्नरचा व्हायोलिनच्या आकाराचा स्वस्त बेस घेतला. डावखुऱ्या माणसाने उलटा धरला तरी तो वेडावाकडा दिसत नाही, हा त्याचा गुण. तोच बेस 1972 मध्ये चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी सापडून मालकाकडे परत आला, ही बातमी 2024 ची.

मॅकार्टनीने काय बदललं? गाणाऱ्याने बेस हातात घेतल्यामुळे बेसला चाल आली. 1969 चं 'समथिंग' ऐका. गाणं जॉर्ज हॅरिसनचं. तो वर एक चाल गातोय आणि खाली मॅकार्टनी दुसरीच चाल गातोय, बेसवर. दोन्ही एकमेकींच्या पदरावर पाय न देता चालतात. कॉर्डचा मूळ स्वर सोडून दुसराच स्वर खाली ठेवणं, म्हणजे मघाची धैवताची गंमत, त्याला फार आवडायची. 1966 मध्ये बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' अल्बममध्ये त्याने ती भरपूर ऐकली होती. त्या अल्बमवर बेस वाजवणाऱ्यांत कॅरल के होती. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत गिटार वाजवणारी ही बाई 1963 च्या सुमारास एका दिवशी बेसवाला आलाच नाही म्हणून बेसकडे वळली आणि हजारो रेकॉर्डिंग करून बसली. ती बोटांऐवजी पिकने (तार छेडायच्या छोट्या पात्याने) वाजवते, म्हणून तिचा ठोका टोकदार. 2025 मध्ये हॉल ऑफ फेमने तिचं नाव जाहीर केलं तेव्हा तिने 'मी येणार नाही' म्हणून कळवलं. मला तिचा हा ताठा आवडला.

बेसचा आवाज पुढे आणायची हौस इंग्लंडमध्ये जॉन एन्टव्हिसलने पुरी केली. 'द हू' बँडमधले बाकीचे तिघे रंगमंचावर उड्या मारायचे, वाद्यं फोडायचे. हा एका जागी खांबासारखा उभा, हलायची फक्त बोटं. 1965 च्या 'माय जनरेशन'मध्ये मधला एकल तुकडा गिटारला मिळण्याऐवजी बेसला मिळाला. रॉकमध्ये तोवर असं फारसं कोणी केलेलं नव्हतं. त्याला तारा खणखणीत हव्या होत्या, जेमर्सनच्या अगदी उलट. 'क्रीम'चा जॅक ब्रूस मूळचा चेलो शिकलेला, त्याने बेसला गिटारशी भांडायला लावलं. 'येस'चा ख्रिस स्क्वायर, 'लेड झेपलिन'चा जॉन पॉल जोन्स, 'ब्लॅक सॅबथ'चा गीझर बटलर, यांच्यावर एकेक लेख होईल. आज पुढे सरकू.

पण पिंक फ्लॉइड बँडच्या 'मनी'पाशी तबलजी थांबणारच. 1973. त्यांच्या बेसवाल्या रॉजर वॉटर्सने लिहिलेलं गाणं, बेसच्याच एका ओळीवर उभं. रॉक ऐकणारा माणूस सवयीने चार-चार मोजतो, आठव्या मात्रेची वाट बघतो, आणि सातवर ओळ उलटते. पाश्चात्त्य ऐकणाऱ्यांना यात पायरी चुकल्याचा भास होतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर हात आपोआप सात मात्रांचा रूपक धरून बसला होता: ती ती ना, धी ना, धी ना. समेवर 'खाली' (टाळीऐवजी रिकामा हात) आणि वर वॉटर्सचा बेस, इतकं चपखल की आमच्या भजनी मंडळात वाजवून दाखवायचा मोह मी दोनदा आवरला. पुढे गिटारचा एकल तुकडा येतो तेव्हा मात्र बँड चार मात्रांत उतरतो. तिथे मला नेहमी जरा फसवल्यासारखं वाटतं.

कॅनडाच्या 'रश' बँडचा गेडी ली हा वेगळा प्राणी. तिघांचाच बँड. हा बेस वाजवणार, गाणार, कीबोर्डही सांभाळणार आणि पायांनी पेडल दाबून आणखी खालचे सूर काढणार. हे सांगताना काका मध्येच म्हणाले, "मग आमचे खाप्रूमामा?" बरोबर होतं त्यांचं. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर दोन हातांनी दोन ताल, पायांनी आणखी वेगळे, आणि तोंडाने भलतीच मोजणी चालू ठेवत, असं आमच्याकडे अजून सांगतात. दोघांची तुलना करायची नाही. पण एका डोक्यात दोन-तीन घड्याळं चालवणं काय असतं हे ज्याने खाप्रूमामांच्या गोष्टी ऐकल्यात त्याला गेडी ली लवकर कळतो.

वेगावरून आयर्न मेडन आठवलं. बेसवाला स्टीव्ह हॅरिस हाच त्या बँडचा संस्थापक, 1975 पासूनचा, आणि बहुतेक गाण्यांचा कर्ताही. त्याची ओळख म्हणजे घोड्याची चाल: एक लांब, दोन आखूड, टग-डग-डग, टग-डग-डग, तेही पिक न वापरता दोन बोटांनी. 2007 मध्ये ते बंगळुरूला आले होते.

बेस नसला की काय होतं हे मेटालिका बँडने दाखवलं. त्यांचा क्लिफ बर्टन बेसवर गिटारचे इफेक्ट लावून अख्खा एकल तुकडा वाजवायचा. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला, अवघ्या 24 व्या वर्षी. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. 1988 च्या अल्बममध्ये न्यूस्टेडचा बेस मिक्सिंग करताना इतका खाली दाबला गेला की शोधूनही सापडत नाही. गाणी दमदार आहेत, वादन धारदार आहे, पण सगळं कोरडं, हाडं वाजल्यासारखं. पुढे चाहत्यांनीच बेस वर काढून त्याच गाण्यांच्या आवृत्त्या इंटरनेटवर टाकल्या. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या की फरक कळतो. काकांनी डोळे न उघडता विचारलेला प्रश्नच त्या चाहत्यांनी विचारला होता.

लॅरी ग्रॅहमची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. तो आईबरोबर छोट्या क्लबांत वाजवायचा. एकदा त्यांचा ड्रमवालाच कमी झाला. मग याने ड्रमची उणीव भरायला अंगठ्याने तार ठोकायला सुरुवात केली, म्हणजे पायाखालचा मोठा ढोल, आणि दुसरी तार बोटाने ओढून सोडायला लागला, म्हणजे स्नेअर, ड्रममधला तो कडक आवाजाचा छोटा ढोल. एका वाद्यात तबला आणि डग्गा दोन्ही. याला पुढे स्लॅप म्हणायला लागले. 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'मधून ते जगभर गेलं आणि 'रेड हॉट चिली पेपर्स'च्या फ्लीने ते रॉकच्या पोरांच्या हाती दिलं. आज मुंबईची मोहिनी डे स्लॅप वाजवते तेव्हा बोटं दिसत नाहीत, अशी स्थिती आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला क्वीन बँडचा जॉन डीकन. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो, पण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे 1980 चं गाणं डीकनचं. ते डिस्कोवाल्या 'शीक' बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या बेसवरून सुचलं. त्यात थोडेच सूर आहेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागाच जास्त लक्षात राहतात. सूर थांबवायला त्याची बोटं जेवढी जागी आहेत तेवढीच वाजवायला. नवशिक्या बेसवाल्याला मी पहिलं हेच गाणं ऐकायला सांगतो. घुमटाच्या उघड्या तोंडावर तळवा कधी ठेवायचा, हा त्यातला धडा.

जॅको पास्टोरियस जॅझचा, त्याला रॉकच्या यादीत घुसवणं अन्याय होईल. तरी एक वाक्य लिहितोच: त्याने बेसचे पडदे उपटले, खाचा भरून घेतल्या आणि लिओ फेंडरने मोठ्या अभिमानाने आणलेला अचूकपणा काढून टाकून बेसला मींड परत दिली. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढणाऱ्याला त्यात आपलं माणूस भेटतं.

सातव्या दिवशी विसर्जनाच्या आधीच्या आरतीला घुमटवाले वेळेवर आले, पण एकाचा हात सुजलेला. भाचा पुढे झाला. उजव्या हाताची थाप पहिल्यापासून ठीक होती. डावा तळवा सुरुवातीला उशिरा उघडत होता, घुम मागे राहत होता, दुसरा घुमटवाला त्याच्याकडे बघून मान हलवत होता. तिसऱ्या आरतीला कधीतरी ते जुळलं. काकांनी एक डोळा उघडला, कोण वाजवतोय ते बघितलं, आणि परत मिटला.